लेक पॉवेलवर हाउसबोट : वऱ्हाडातून जाणाऱ्यांसाठी

पोरगं, पोरगी किंवा भाचा अमेरिकेत ॲरिझोनाकडं नोकरीला असला की कधी ना कधी फोन येतोच, "यंदा या, आपण हाउसबोटीवर राहू." मलाही आला. मी वरुड-मोर्शीकडचा, संत्र्याची बाग सांभाळणारा. हाउसबोट म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं केरळ आलं. नावाडी बोट चालवतो, आचारी मासे तळतो, आपण खुर्चीत पाय पसरून बसायचं. भाचा फोनवर हसायला लागला. "मामा, तिथं नावाडी-गिवाडी काही नसते. आपणच चालवाची, आपणच बांधाची, सयपाकही आपलाच."

दोनदा जाऊन आलो. पहिल्या खेपेला बऱ्याच गोष्टी उलट्या क्रमानं केल्या, म्हणून इथं सरळ क्रमानं सांगतो.

तारखेच्या आधी पाण्याची पातळी

लेक पॉवेलला सरोवर म्हणतात, पण आहे ते धरणाचंच पाणी. कोलोरॅडो नदीवर, ॲरिझोनातल्या पेज गावाला लागून ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३ मध्ये तिथं पाणी अडवायला सुरुवात झाली आणि धरण पहिल्यांदा काठोकाठ भरलं ते १९८० मध्ये. सतरा वर्षं लागली! पूर्ण भरलेल्या धरणात सुमारे १,१०० टीएमसी पाणी मावतं. आपल्या कोयनेत १०५ मावतं, त्यावरून अंदाज करा. लांबी ३०० किलोमीटर आणि दोन्ही बाजूंना दगडी घळींचे शंभरेक फाटे. भरल्या धरणाचा काठ मोजला तर महाराष्ट्राच्या समुद्रकिनाऱ्याच्या चौपट भरतो. पाऊस मात्र वर्षाला सहा-सात इंच. आपल्याकडं एखाद्या श्रावणात तेवढा दोन दिवसांत पडून जातो. हे सगळं पाणी दूर रॉकी पर्वतात वितळलेल्या बर्फाचं.

आपण धरणाकाठची माणसं. सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणात पाणी कुठवर आहे, त्यावर होडी कुठं लागणार आणि गाळपेर कुठवर जाणार हे ठरतं, ते आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. तिथंही हिशेब तोच. पूर्ण भरलेली पातळी समुद्रसपाटीपासून ३,७०० फूट. २०२३ च्या सुरुवातीला पाणी ३,५२० फुटांच्या आसपास आलं होतं. म्हणजे १८० फूट खाली, धरण भरल्यापासून तोवरचा नीचांक. त्याच वर्षी बर्फ भरपूर पडला आणि जुलैपर्यंत पाणी साठेक फूट चढलं. दोन वर्षांपूर्वी कोणी जाऊन आलेला माणूस जे सांगेल, ते म्हणूनच अर्धंच खरं धरायचं. युट्यूबवरच्या व्हिडिओंचंही तसंच.

पातळीवर काय काय अवलंबून असतं? उतार, म्हणजे बोट पाण्यात सोडायचे रॅम्प, कुठले चालू आणि कुठले बंद. पेजजवळच्या वाहवीप मरीनापाशी (मरीना म्हणजे बोटी लागायचा धक्का) कॅसल रॉक कट नावाची एक खिंड आहे. पाणी ३,५८० फुटांच्या आसपास किंवा वर असेल तरच तिच्यातून बोट जाते. खाली असेल तर जुन्या नदीपात्रानं वळसा, साधारण १२ मैलांचा. हाउसबोटीच्या वेगानं त्यात तास-दीड तास आणि तेवढं पेट्रोल जातं. मधल्या टप्प्यावर डँगलिंग रोप नावाचा तरंगता पेट्रोल पंप होता, तो २०२१ मध्ये बंद पडला. तेव्हा वाहवीपहून निघून वर बुलफ्रॉग नावाच्या मरीनापर्यंत, म्हणजे शंभरेक मैल, वाटेत पेट्रोल मिळेल असं गृहीत धरू नका. बुकिंग करताना हे तोंडानं विचारा.

पातळीचे रोजचे आकडे अमेरिकेचं ब्यूरो ऑफ रिक्लमेशन हे खातं जाहीर करतं. कुठले रॅम्प चालू आहेत ते तिथली नॅशनल पार्क सर्व्हिस सांगते, कारण सगळा परिसर १९७२ पासून तिच्या ताब्यातलं मनोरंजन क्षेत्र आहे. पोराला म्हणावं, बुकिंगच्या आधी आणि निघायच्या आदल्या आठवड्यात, दोन्हीदा पाहा.

महिना कोणता

आपली धरणं पावसाळ्यात भरतात. हे उन्हाळ्यात भरतं. एप्रिलपासून बर्फ वितळतो, जूनअखेर किंवा जुलैच्या सुरुवातीला पाणी सर्वांत वर, मग उतरायला लागतं. मे महिन्यात हवा छान, पण वारा फार आणि पाणी इतकं गार की पाय घातला की आई आठवावी. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी कोमट, पण गर्दी आणि पारा कधी कधी ४० च्या पुढं. आपल्याला ४५ ची सवय आहे हे खरं, पण आपण तेव्हा दुपारी कूलरपुढं असतो, उघड्या पाण्यावर नाही. वरून ऊन, खालून पाण्याची झळाळी. शिवाय जुलै ते सप्टेंबर त्यांचाही पावसाळा असतो, थोडका पण वादळी.

माझं मत सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा. पाण्यात उन्हाळ्याची ऊब उरलेली असते, शाळा सुरू झाल्यामुळं गर्दी ओसरते, भाडंही थोडं उतरतं. आमच्याकडच्यांची अडचण एकच, आंबिया बहाराची फळगळ नेमकी याच दिवसांत. बाग कोणाच्या तरी भरवशावर टाकून जावं लागतं आणि जीव अर्धा मागं राहतो. मी पहिल्यांदा म्हणूनच मेमध्ये गेलो होतो, आणि वाऱ्यानं जे काही शिकवलं ते पुढं सांगतो.

कागदपत्रं

यावर फार लिहीत नाही, पोरांना ठाऊक असतं. बी-१/बी-२ हा पर्यटक व्हिसा, त्यासाठी डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म आणि मुंबईला मुलाखत. मुलाखतीची तारीख कधी कधी महिनोन्महिने मिळत नाही. व्हिसा हातात पडल्याशिवाय बोटीचे परत न मिळणारे पैसे भरू देऊ नका, पोरगं कितीही घाई करो. प्रवासी विमा घ्याच, तिथला दवाखाना खिशाला परवडत नाही. बोट तिथं राहणाऱ्या माणसाच्या नावावर घ्यावी.

पेज गाव फिनिक्सहून आणि लास वेगासहून, दोन्हीकडून गाडीनं साधारण साडेचार-पाच तास. विमानातून उतरून त्याच दिवशी बोट ताब्यात घेऊ नका. भारत आणि ॲरिझोनात साडेबारा तासांचा फरक आहे. तिथं दुपारी चार वाजता तुमच्या शरीरात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात, आणि बोट बांधायचं काम नेमकं त्याच वेळी येतं. तीन-चार दिवस पोराच्या घरी झोपून काढा.

बोट आणि पैसा

आठवड्याचं भाडं काही हजार डॉलरांपासून सुरू होतं आणि मोठ्या, वर घसरगुंडी वगैरे असलेल्या बोटीचं पंधरा हजारांच्याही पुढं जातं. आठ-दहा माणसांत वाटलं की झेपतं. भाडं हा मात्र अर्धाच हिशेब. पेट्रोल वेगळं, एसीसाठी चालणाऱ्या जनरेटरचं पेट्रोल वेगळं, अनामत वेगळी, प्रवेश शुल्क गाडीचं निराळं आणि बोटीचं निराळं. आमचा पेट्रोलचा अंदाज पहिल्या वेळी चांगलाच चुकला. भाचा शेवटी म्हणाला, "मामा, यवढ्यात तं तुमचा ट्रॅक्टर सालभर चालला असता."

"बारा जणांची बोट" म्हटलं की बारा गाद्या मोजलेल्या असतात. त्यात ओट्यावरची, सोफ्याची, सगळी आली. आपल्या हिशेबानं तिला आठ जणांची समजा. गुडघे दुखणारं कोणी असेल तर गच्चीवर जायचा जिना आणि काठावर उतरायची फळी किती उभी आहे ते आधी फोटोत पाहा. माझ्या ताईला त्या फळीवरून रोज दोघांनी हात धरून उतरवावं लागलं.

सोबत एक छोटी मोटरबोट जरूर घ्या. हाउसबोट ताशी आठ-दहा मैल चालते, भरल्या बैलगाडीसारखी, आणि अरुंद घळीत शिरत नाही. ती एका ठिकाणी बांधायची आणि फिरणं छोटीनं करायचं. खर्च वाचवायचा म्हणून छोटी बोट गाळली तर अर्धं सरोवर पाहायचं राहतं.

शिधा

बोटीवर गॅसची शेगडी, फ्रिज, भांडी असतात. दुकान मात्र मरीना सोडली की नाही. प्यायचं पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा, त्यात कंजूषी नको. टाकीतलं पाणी धुण्याभांड्याला.

इथून जाताना तिखट, काळा मसाला, जवसाची चटणी, लोणचं, भाजणी न्या आणि विमानतळावर फॉर्ममध्ये किंवा तोंडानं खरं सांगा. संत्री नेऊ नका. ताजी फळं, बिया, मांस यांबाबत ते फार कडक असतात. मला वाईट वाटलं, पण बागेतली चार संत्री मी नागपूरच्या विमानतळावरच पोरासोरांना वाटून टाकली.

रोडग्यांचा मोह सोडा, गोवऱ्या कुठून आणणार? पिठलं, भाकर, ठेचा, कांदा हे बोटीवरचं सर्वांत शहाणं जेवण. झटपट होतं, भांडी कमी पडतात, शेगडी थोडा वेळ पेटते आणि बोटीचा तवा होत नाही. पहिल्या दिवशी आम्ही सावजी मटणाचा बेत केला होता. दोन तास शेगडी चालली, आतलं घर भट्टी झालं आणि सगळे गच्चीवर जाऊन बसले.

दुपट्टा विसरू नका. तिथले लोक टोप्या घालतात, वाऱ्यानं उडून पाण्यात जातात. आपला पांढरा दुपट्टा डोक्याला, कानाला, तोंडाला गुंडाळला की काम झालं. दुसऱ्या दिवशी भाच्याचे गोरे मित्रही मागायला लागले. पायात पाण्यातून चालता येतील असे घट्ट बूट हवेत. तिथल्या खडकांवर क्वागा नावाचे शिंपले वाढलेत, अनवाणी पाय ठेवला की ब्लेडसारखे कापतात.

बोट ताब्यात घेताना

कंपनीची माणसं तासाभरात भरभर सगळं दाखवतात. एकानं मोबाईलवर सगळं चित्रित करावं: जनरेटर कुठून सुरू होतो, संडासाची टाकी भरल्याचा दिवा कोणता, पंप कसा बंद करायचा. कागदी नकाशा मागून घ्या. मोबाईलला रेंज पेजच्या आसपासच, पुढं नाही. मदतीसाठी बोटीवर रेडिओ असतो, त्याचा चॅनल १६. तो लावून कसं बोलायचं ते किमान तिघांनी शिकून घ्या.

मुख्य पात्रात क्रमांकाचे तरंगते बोये असतात, तो आकडा धरणापासूनच्या मैलांचा. आपल्या रस्त्यावरचे मैलाचे दगडच समजा. धरणाकडून वर जाताना लाल बोया उजव्या हाताला आणि हिरवा डाव्या हाताला ठेवायचा. बोटीला ब्रेक नसतो. सुकाणू फिरवल्यावर दोन-चार श्वास काहीच होत नाही, मग सगळं एकदम होतं. बैल वळवायच्या आधी कासरा ढिला करतो, तसा आधी वेग कमी करायचा. भाड्याची बोट रात्री चालवायला मनाई असते, आणि चालवणाऱ्यानं दारू प्यायची नाही. तिथं तो गाडीसारखाच गुन्हा आहे.

बांधणं

सगळ्या सहलीचं खरं काम हेच. हाउसबोट मधोमध पाण्यात उभी ठेवत नाहीत. तिचं नाक वाळूच्या काठावर चढवायचं आणि मागच्या बाजूनं दोरखंड काठाकडं नेऊन नांगर पुरायचे. आपल्या भाषेची गंमत बघा, वावरात नांगर घालतो तो चालवायला, आणि इथं तोच शब्द थांबवायला.

जागा दुपारी तीनच्या आत शोधा. चांगली जागा म्हणजे वाऱ्याच्या आडोशाची खाडी, हलक्या उताराची वाळू, डोक्यावर सरळसोट कडा नाही (दरडी कोसळतात) आणि समोर कोरडा नाला उतरत नाही. नाल्याचं पुढं सांगतो. छोट्या बोटीनं आधी एकजण जाऊन पाण्याखाली खडक आहे का ते काठीनं चाचपून येतो. मग हाउसबोट काठाला काटकोनात, हळू, नाक वाळूत रुतेपर्यंत आणायची. चालवणारा इंजिन हलकं पुढं लावून धरतो, म्हणजे बोट तिथंच दाबून राहते. तोवर बाकीचे फावडं घेऊन उतरतात.

दोन्ही बाजूंना बोटीच्या मागच्या खुंट्यापासून दोर निघतो आणि तिरपा, साधारण ४५ अंशांत, काठावर जातो. एका बाजूला दोन असे चार नांगर असतील तर उत्तम. दोर जिथं संपतो तिथं दोन-तीन फूट खोल खड्डा करायचा, नांगराची पाती बोटीकडं तोंड करून ठेवायची, वाळू लोटायची आणि वर चढून तुडवायची. वरची सुकी वाळू फसवी असते, कितीही लोटली तरी धरत नाही. खालची ओली लागेपर्यंत खणायचं. सगळे दोर सारख्या ताणाचे हवेत. हातानं दाबले तर थोडे लवतील, लोंबणार नाहीत. शेवटचा दोर बांधून झाला की मगच इंजिन बंद.

आमचं मेमध्ये काय झालं? डाव्या बाजूचा एक खड्डा माझा होता. चार वाजले होते, झोप डोळ्यांवर होती, सुक्या वाळूत दीड फूट खणलं आणि म्हटलं झालं. आयुष्यभर बैल बांधले, एका बोटीचं काय! रात्री दोनच्या सुमारास वारा सुटला. आधी भांडी वाजली, मग बोटीचा मागचा भाग हळूहळू उजवीकडं सरकायला लागला. गाडीत झोपावं आणि हँडब्रेक निघावा, तसं पोटात गोळा आला. भाचा टॉर्च घेऊन पळाला. माझा नांगर वाळूवर मोकळा पडला होता, खड्ड्याला सशानं उकरल्यासारखी खूण. इंजिन लावून बोट पुन्हा दाबून धरली आणि आम्ही दोघांनी चड्डीवर उभं राहून कमरेइतका खड्डा खणला. सकाळी भाचा काही बोलला नाही, फक्त फावडं माझ्या खाटेशी उभं करून ठेवलं.

बांधल्यावरही सकाळ-संध्याकाळ दोर तपासायचे. पाणी चढतं असेल तर वाळूत रुतलेलं नाक सुटून बोट तरंगायला लागते, उतरतं असेल तर बोट वाळूवर बसते आणि निघता निघत नाही. काठावर एक काठी रोवून पाण्याची रेघ पाहत जा.

ज्यानं जीव जातो

जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. वास नाही, रंग नाही. हाउसबोटीच्या मागं पोहायचा ओटा असतो आणि त्याच्या खालच्या पोकळीत हा वायू साठतो. २००० मध्ये याच सरोवरावर दोन लहान भाऊ त्यात गेले. त्यानंतर सरकारी तपास झाले, बोटींचे धुराडे वर नेण्याची सुधारणा झाली. तरीही नियम एकच: जनरेटर किंवा इंजिन चालू असताना बोटीच्या मागं कोणीही पोहायचं नाही, ओट्यावर बसायचंही नाही. पोट्टे ऐकत नाहीत. जनरेटर चालू असला की आम्ही मागच्या दाराला लाल ओढणी बांधायचो. ओढणी दिसली की मागं जायचं नाही.

बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी बोट चालू असताना लाइफ जॅकेट घालायचंच, तो कायदा आहे. आपल्यापैकी पोहता न येणाऱ्यांनी वयाचा विचार न करता घालावं. कड्यावरून १५ फूट किंवा त्याहून उंचीवरून उडी मारायला बंदी आहे. मरीनाच्या धक्क्याजवळ पोहू नका, तिथं विजेच्या तारा असतात आणि पाण्यात करंट उतरू शकतो.

आता नाला. तुमच्या डोक्यावर निळं आभाळ असतं आणि तीस मैलांवर ढगफुटी झालेली असते. तिथं जमीन म्हणजे उघडा खडक, एक थेंब जिरत नाही. कोरड्या घळीतून लाल पाण्याचा लोंढा येतो. आपल्या ओढ्याचा पूर निदान माती-झाडांत अडखळत येतो, हा सरळ येतो. दूर ढग काळे दिसले तर अरुंद घळीत शिरू नका, शिरला असाल तर माघारी फिरा.

कुठं जायचं

नवख्यांनी लांबची हाव धरू नये. वाहवीपहून निघून पहिला मुक्काम पाद्रे बे. प्रशस्त आहे, वाळूचे काठ आहेत. १७७६ मध्ये स्पॅनिश पाद्री इथंच कुठंतरी नदी उतरून गेले म्हणून हे नाव, ती जागा आता पाण्याखाली आहे. आपल्या बुडीत गावांची आठवण येते. कड्यांवर पाण्याच्या जुन्या पातळीचा पांढरा पट्टा दिसतो, कित्येक मजले उंच. खनिजाची पुटं आहेत ती. धरणाकाठच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

तिथं दोन रात्री बोट बांधून ठेवा आणि एक दिवस छोट्या बोटीनं रेनबो ब्रिज पाहून या. वाहवीपपासून पाण्यानं सुमारे ५० मैल. २९० फूट उंच दगडी कमान, माणसाचा हात न लागलेली. पाणी उतरलेलं असेल तर धक्क्यापासून बरंच चालावं लागतं, पिशवीत पाणी ठेवा. नवाहो आणि आसपासच्या इतर आदिवासी समाजांसाठी ती पवित्र जागा आहे आणि कमानीखालून जाऊ नये अशी विनंती तिथं केलेली असते. माझी ताई दुरूनच हात जोडून उभी राहिली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

परत देताना

आदल्या रात्री मरीनाच्या जवळ येऊन मुक्काम करा, सकाळी घाई नको. संडासाची टाकी रिकामी करायची व्यवस्था मरीनावर असते, पैसे लागतात का ते विचारा. आतली वाळू झाडून काढा, नाहीतर सफाईचे कापतात. भांडी मोजून ठेवा, आमचा एक चमचा पाद्रे बेच्या तळाशी आहे.

आणि घड्याळ. सरोवराचा बहुतेक भाग शेजारच्या युटा राज्यात आहे, वाहवीप ॲरिझोनात. उन्हाळ्यात युटा एक तास पुढं असतं, आणि मोबाईलला मधूनच युटाचा टॉवर लागला की तो गुपचूप वेळ बदलतो. बोट द्यायची वेळ ॲरिझोनाची धरायची. आम्ही नऊला धावतपळत धक्क्यावर लागलो तर तिथं आठच वाजले होते. ऑफिस उघडेपर्यंत धक्क्यावर बसून उरलेला चिवडा संपवला.